जिल्हई आणि सारवण

चकाकीसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. तकाकी, तुकतुकी, झळाळी, ओप, जिल्हई, शिकल हे शब्द एका दमात आठवतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे: तुकतुकी असते ती निरोगी कांतीवर किंवा नव्या पालवीवर, ओप द्यायचा तो दागिन्याला, शिकल करायची ती तलवारीच्या पात्याला, आणि ती करणारा शिकलगार गडकोटांच्या मुलखात लोहाराइतकाच गरजेचा असे. जिल्हई आणि शिकल ही दोन्ही नावे मुळात अरबी, आणि लाकडावर चढवायचे जे रोगण, त्याचे नाव फारसीत साध्या तेला-तुपाचे नाव आहे. परंतु या साऱ्या शब्दसंपत्तीत पायाखालच्या भुईसाठी म्हणून राखून ठेवलेला एकही शब्द मला सापडत नाही. भुईविषयी आपण बोलतो ते चोपलेली, घोटलेली, सारवलेली अशा विशेषणांनी. म्हणजे तिचे वर्णन ती कशी दिसते यावरून होत नाही, तिच्यावर कोणी कोणते श्रम केले यावरून होते.

हा विचार मनात येण्याचे निमित्त अगदी किरकोळ होते. माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर वेल्ह्याच्या बाजूस, जिथून ढग नसले म्हणजे तोरण्याचा माथा अंगणातून दिसतो अशा जागी, घर बांधले आणि मोठ्या हौसेने बैठकीच्या दालनाला सागवानी फळ्यांची जमीन करून घेतली. घासकाम आटोपल्यावर पॉलिशवाल्याने त्यांच्यापुढे तीन फळकुटे ठेवली: एकात आपला चेहरा दिसावा, दुसरे रेशमासारखे मऊ उजळावे आणि तिसऱ्यावर काही लावले आहे की नाही याचीच शंका यावी. घरात धावती दोन नातवंडे, एक कुत्रे, आणि पावसाळ्यात दर रविवारी गड उतरून चिखलाच्या बुटांनिशी चहाला येणारी मंडळी. "तुम्ही जुने वाडे पाहत हिंडता ना, मग तुम्हीच सांगा यातले कोणते," असे ते मला म्हणाले. मला तत्काळ काही सुचले नाही. पण रहदारीच्या घराची भुई कशी राखावी हा प्रश्न या खोऱ्यांना नवा नव्हता, आणि त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला होता ती आठवत मी परतीच्या गाडीत बसलो.

हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही या मुलखाची जुनी नावे. कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, गुंजण मावळातले सिलिमकर हे इथले देशमुख. रायगडापूर्वीची स्वराज्याची राजधानी राजगड याच डोंगरांत उभा आहे. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपदी आलेले शंकराजी नारायण यांची समाधी भोरजवळ आंबवड्यास आहे, आणि सचिवाचे, म्हणजे फारसी नावाने सुरनिसाचे, हे पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालून त्यातून भोर संस्थान आकाराला आले. ते 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. नीरेच्या काठी भोर गावात उभा असलेला राजवाडा 1869 च्या सुमाराचा, चिमणाजीराव पंतसचिवांच्या कारकिर्दीतला. त्याचे चौक, लाकडी खांब आणि कोरीव काम पाहायला माणसे येतात, चित्रपटवाले तर वारंवार येतात. परंतु येणारा प्रत्येक जण मान वर करून पाहतो. खाली पाहणारा विरळा.

खाली पाहावे तर आधी सामान्य घराची भुई पाहावी. वेल्ह्याकडचे जुने घर म्हणजे दगडी जोते, कारवीच्या कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, पुढे पडवी, मध्ये माजघर, आणि पुष्कळदा एकाच छपराखाली, एका उंबऱ्याच्या अंतरावर, गोठा. जोत्याच्या पोटात भराव घालून वर मुरूम पसरायचा, त्यावर चाळलेली माती, आणि मिळालीच तर वारुळाची, कारण वाळवीने कण कण कालवून रचलेली ती माती बारीक आणि चिकट असते. पाणी शिंपून ती धुम्मसाने ठोकायची, ओल हटू लागली की बसून चोपण्याने चोपायची, भेगा पडतील तिथे पुन्हा पाणी आणि पुन्हा चोपणे. असे काही दिवस केल्यावर भुई धरते. मग तिच्यावर शेणकाल्याचा पहिला हात फिरतो. गाईच्या पोटातून आलेले गवताचे बारीक तंतू मातीचे कण बांधून धरतात, धूळ उठू देत नाहीत, आणि सारवणाऱ्या बाईच्या मनगटाच्या फेऱ्याने जी अर्धवर्तुळे उमटतात तीच त्या जमिनीची नक्षी.

या जमिनीला तकाकी नाही. दारातून आलेले ऊन तिच्यावर पडते आणि तिथेच जिरते. आणि नेमक्या याच गुणामुळे ती मावळातल्या घराला सोसली. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलातून, डोक्यावर इरले घेऊन, पाणी निथळत येणारी माणसे, त्यांच्यामागून येणारी जनावरे, कोपऱ्यात रचलेली भाताची पोती, सांडलेले पाणी, रांगणारे पोर, उखळावर पडणारे मुसळ, एवढे सगळे ज्या भुईवर दिवसभर चालते तिच्यावर ओरखडा दिसत नाही, कारण ओरखडा दिसायला आधी भोवताली चकाकी असावी लागते. कुठे खपली निघालीच तर मूठभर मातीने ती बुजवता येते आणि दोन सारवणांत तिचा रंग शेजारच्या भुईशी मिळून जातो. खळ्याचीही रीत हीच. सुगीत बैलांच्या खुरांखाली तुडवली जाणारी ती भुई गुळगुळीत आणि धूळविरहित हवी, कारण तिच्यावर वर्षाचे धान्य पडायचे असते. पण ती चमकावी अशी अपेक्षा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

वरच्या मजल्यावर गोष्ट अधिक मनोरंजक होते. वाड्याच्या माडीला लाकूड मुबलक लागे: भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर तक्तपोशी किंवा किलचण. आजचा मनुष्य म्हणेल की झाली लाकडी जमीन, आता घासा आणि रोगण लावा. जुना बांधणारा तसे करीत नसे. तो त्या लाकडावर चार-सहा बोटे माती पसरी, ती चोपी, आणि माडीवरही शेणाचाच हात फिरवी. म्हणजे ज्या लाकडावर एवढा पैसा खर्चला ते वरून चालणाऱ्याला दिसतच नसे. दिसे ते खालच्या मजल्यावर मान वर करणाऱ्याला. त्या मातीने ऊन अडे, पावलांचा आवाज मरे, निखारा पडला तरी लाकूड वाचे. सारवणाला पाणी लागते तेही बेताचे, हाताने पसरण्यापुरते, म्हणून खालच्या कड्या कुजत नसत.

हे पाण्याचे कारण क्षुल्लक वाटेल, परंतु त्याने एका फार मोठ्या राजवाड्याच्या जमिनी बदलल्या आहेत. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे 1684 च्या सुमारास वरच्या दालनांतले संगमरवर काढून त्या जागी चौकटीचौकटींची लाकडी जमीन घालण्यात आली, कारण संगमरवर धुताना झिरपणाऱ्या पाण्याने खालची तुळईबंदी कुजू लागली होती. तिथे लाकूड उघडे ठेवून त्यावर मेण चढवण्याची रीत रूढ झाली, आणि श्रीमंतांच्या घरी पायाला ब्रश बांधून नाचल्यासारखे पाय घासत ती जमीन उजळणारे खास नोकर असत. दुखणे एकच, उपाय दोन: त्यांनी लाकूड उघडे करून चमकवले, आपण ते मातीखाली झाकले. त्यांच्या उपायाला पगारी मनुष्य लागे. आपल्या उपायाला घरातली बाई.

झाकण्याची ही वृत्ती दरबारातही दिसते. मराठी राज्यव्यवस्थेतल्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक कारखाना होता, आणि त्याचे काम तंबू, बिछायती, जाजमे, गालिचे यांची निगा राखणे. फर्श म्हणजे अंथरलेले. त्याच धातूपासून अंथरणारा तो फरास, आणि पुढे दगडाची अंथरली ती फरशी. दिवाणखान्याचे वैभव जमिनीच्या पृष्ठात नव्हते, तिच्यावर काय अंथरले आहे यात होते. आणि अंथरलेले उचलून झटकता येते, धुता येते, मोहीम निघाली म्हणजे उंटावर लादून नेता येते. जोडे दाराबाहेर निघत, बसणे गादी-लोडावर किंवा जाजमावर होई, खुर्चीचे चार टोकदार पाय कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भुईला सोसायला मऊ तळवेच होते, हे तिच्या दीर्घायुष्याचे अर्धे रहस्य आहे.

मग जिल्हई गेली कुठे? ती पावलांपासून दूर, वर वर चढत गेली. खांबांवर, महिरपींवर, तक्तपोशीच्या खालच्या अंगावर, देव्हाऱ्यावर, कठड्यावर. लाकूड तरी साधे नव्हते. साग आणि ऐन या डोंगरांत वाढतात, पण चांगला सोट दुर्मिळ होता. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना आणल्याचे सांगतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडायचे तेही हुजूर परवानगीने, आणि रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, असा दंडक आहे. अशा जपून मिळवलेल्या लाकडाला तेलपाणी करायचे ते सणासुदीला. करंजाचे तेल कीड दूर ठेवते पण कधी सुकत नाही, त्यावर धूळ बसते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याचा पातळ पापुद्रा धरतो. राळ, चंद्रस यांच्यासारखे डिंक गरम तेलात विरघळवले की रोगण तयार. एकोणिसाव्या शतकात चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चिंधीच्या बोळ्याने घोटत चढवायचे पॉलिश आले, आणि खुर्च्या, कपाटे, तसबिरींच्या चौकटी त्याने झळाळू लागल्या. ज्या लाखेने युरोपातले सुतार मोहून गेले ती पळस, बोर, कुसुम यांच्या डहाळ्यांवर जगणाऱ्या आपल्याच देशातल्या किड्यांची. पण जमिनीला ती लावून पाहावी तर पहिल्या पावसाळी दुपारी ओल्या तांब्याखाली पांढरे वर्तुळ उमटते. लाखेला पाण्याचे आणि उष्णतेचे वावडे आहे. चकाकीतला हा नाजूकपणा ओळखूनच तिला हातांच्या आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवले असावे.

या नियमाला एकच अपवाद, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हे. जुन्या वाड्यात उंबरठ्याची मधली जागा, जिन्याच्या पायरीची कड, झोपाळ्याच्या फळीचा मधला भाग, जेवायच्या पाटाची पाठ या ठिकाणी लाकडाला अशी एक खोल, उबदार तकाकी असते की कोणत्याही डब्यातून ती काढता यायची नाही. ती पिढ्यांच्या तळव्यांनी, धोतर-लुगड्यांच्या घर्षणाने आणि अंगाच्या तेलाने आलेली. इथे घर जितके रहदारीचे तितकी जिल्हई अधिक. डब्यातल्या जिल्हईचे गणित बरोबर उलटे.

सारवणाची स्तुती करताना मला थोडा संकोचही वाटतो, कारण ती स्तुती बहुधा ज्यांनी कधी पोतेरे हातात धरले नाही असे पुरुषच करतात. ती मंद, शांत, क्षमाशील भुई आठवड्याला एकदा, सणाला जास्त वेळा, वाकून आणि उकिडवे बसून, कमरेचा काटा ढिला होईपर्यंत नवी केली जात होती म्हणून तशी राहत होती. शेण गोळा करणे, ते आणणे, कालवणे, मागे मागे सरत आपणच सारवलेल्यावर पाय न देता दारापर्यंत पोचणे, आणि ते वाळेपर्यंत पोरांना बाहेर थोपवून धरणे, हे सगळे घरातल्या बाईचेच काम. आषाढ-श्रावणात तर सारवण वाळतच नाही. भुईला ओल फुटते, कोपऱ्यांत पिसवा होतात, आणि चुलीच्या धगीवरच काय ते माजघर कोरडे राहते. फार माणसांच्या घराला कोणते पृष्ठ मानवते या प्रश्नात, ते पुन्हा पुन्हा नवे करण्याचे श्रम कोणाच्या अंगावर पडतात हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो विचारल्यावाचून दिलेले उत्तर अर्धवट होय.

तरीही त्या बाईचे स्वतःचे असे एक सुख त्या भुईत होते. ताज्या सारवणावर रांगोळी जशी बसते तशी कशावर बसत नाही. तिच्या किंचित खरबरीत अंगाला चिमटीतून सुटलेला कण धरून राहतो, रेघ फुटत नाही, वाऱ्याने लगेच सरकत नाही. गौरी येतात त्या दिवशी दारापासून आतपर्यंत काढायची पावले त्या तपकिरी-हिरव्या अंगावर जितकी स्पष्ट उठतात तितकी गुळगुळीत फरशीवर उठत नाहीत. म्हणून पुढे फरशी आल्यावरही कित्येक घरांतून रांगोळीपुरता गेरूचा चौकोन सारवण्याची चाल टिकून राहिली.

फरशी आली ती आगगाडीच्या पाठोपाठ. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरला जाणारा लोहमार्ग 1871 साली पुरा झाला; शहाबाद त्याच मार्गावरचे, आणि तिथल्या खाणींतला करडा, सपाट, थरांनी निघणारा चुनखडीचा दगड पुण्यापर्यंत सुलभ झाला. भोरला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही; पुढचा प्रवास गाडीवाटेचा. तरी विसाव्या शतकात वाड्यांच्या ओट्या, स्वयंपाकघरे, मोऱ्या शहाबादी झाल्या, आणि ज्यांना ती परवडली नाही त्यांनी कोबा केला. फरशीतही निवड होतीच. घासून गुळगुळीत केलेली ती बैठकीत. अंगणात, मोरीत आणि पायऱ्यांवर खडबडीत, प्रसंगी टाकी लावलेली, कारण मावळातल्या पावसात गुळगुळीत दगडावरून म्हातारे माणूस घसरले तर ते पुन्हा उठेल याची शाश्वती नसे. अंतर्गृहात चकाकी, वर्दळीच्या वाटेवर खरखर: जुना नियम नव्या दगडावरही चालू राहिला. फरशीने बाईची कंबर सोडवली यात शंका नाही, आणि एवढ्या एका उपकारासाठी मी तिचा थंड, निर्विकार स्वभाव माफ करतो.

स्नेह्यांच्या तीन फळकुटांकडे यावे तर त्यांच्यामागचे शास्त्र फारसे गूढ नाही. आजचे पॉलियुरेथेनचे रोगण मुळात चकचकीतच असते. पृष्ठ सपाट असल्याने पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो. ती तकाकी मोजताना 60 अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून परतलेला किती ते पाहतात. मंद प्रकारात सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. सुकताना ती पृष्ठाला डोळ्यांना न दिसणारे उंचसखलपण देते आणि प्रकाश विखुरतो. शेणातल्या तंतूंचे आणि या पुडीचे कार्य या बाबतीत एकच. चकचकीत म्हणजे टणक आणि मंद म्हणजे कच्चे, ही समजूत मात्र चुकीची. झिजण्याच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेद नसतो, भेद असतो तो झीज दिसण्यात. बुटाच्या तळव्याला चिकटून येणाऱ्या रेतीतला गारेचा कण कोणत्याही रोगणापेक्षा कठीण असतो, तो दोन्हींवर ओरखडा काढणारच. पण आरशासारख्या जमिनीवर तो उन्हात पांढऱ्या केसासारखा उठून दिसतो आणि मंद जमिनीवर हरवतो. शिवाय चकचकीत जमिनीवर एका फळीपुरती डागडुजी करता येत नाही. जोड दिसतो, आणि बहुधा सगळे दालन पुन्हा घासावे लागते. उलट अगदी मंद पृष्ठावर तेलकट पावलांचे डाग धरतात आणि जिथे सतत वावर असतो तिथे ते घासून घासून किंचित उजळू लागते, हेही सांगायला हवे. उंबरठ्याची ती जुनी गोष्ट इथे दोष म्हणून नोंदली जाते, याची मला गंमत वाटते.

मी स्नेह्यांना एवढेच विचारले की ही जमीन रोज कोण पुसणार. त्यावर त्यांच्या सौभाग्यवती, ज्या तोवर चहाचे कप मांडत होत्या, त्यांनी बोट करून तिसरे फळकूट दाखवले आणि जिन्याच्या कठड्याला मात्र पहिले लावा असे बजावले.

काम लागले त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. खालचे दोन हात चकचकीत रोगणाचे, म्हणजे सागाच्या रेषा गढूळ दिसत नाहीत, आणि शेवटचा हात तेवढा मंद, असा बेत होता. मंद रोगणाचा डबा उघडल्यावर कारागिराने लगेच ब्रश बुडवला नाही. पूड तळाशी बसलेली असते, आणि न ढवळता लावायला घेतले तर पहिल्या फळ्या उजळतात आणि शेवटच्या पांढुरक्या पडतात. त्याने लाकडाची चपटी पट्टी घेतली, ती तळाला टेकवून सावकाश, बुडबुडे येऊ न देता, बराच वेळ फिरवली, आणि मग आतल्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरत दाराकडे येऊ लागला. नातवंडे पडवीत थोपवून धरली होती.